मधल्या पट्टीतली साखर

कारखान्यात तिला सगळे मास्टरीण म्हणत. शर्टाच्या कापडाचे थर लांबलचक टेबलावर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि बाह्या, कॉलर, खिसे एका दमात कापून काढायचे, हे तिचं काम. तिचा हात कधी घसरतच नसे असं नाही. पण घसरला की तीच आधी सांगायची, "इथे माझी कात्री गेली बरं का," आणि तुकडा बाजूला काढून ठेवायची. त्यामुळे शिलाईवाल्या बायका निर्धास्त असत. मास्टरीण काही बोलली नाही म्हणजे माल ठीक आहे, असा तिथला रिवाजच पडून गेला होता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मोजकं बोलणारा माणूस. जन्मभर वर-खाली केलं पण पुढे काही सरकलो नाही, हा त्याचा एकुलता एक विनोद, आणि तो प्रत्येक नव्या माणसाला एकदा ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्याची धाकटी बहीण बारकी. डॉक्टर झाली, नावामागे पदव्यांची शेपटी लागली, तरी घरात ती बारकीच राहिली. शिक्षणाची सगळी वर्षं ती भावाकडे, म्हणजे खरं तर वहिनीकडे, राहिली होती. शिलाई मशीन ठेवलेल्या खोलीत तिची कॉट. परीक्षा आली की बारकीचं पोट बिघडायचं, ओकाऱ्या सुरू व्हायच्या, आणि बेसिनपाशी तिचे केस मागे धरून उभी राहायची ती वहिनी. "नापास झालीस तर माझ्याबरोबर कापड काप. आहे काय त्यात?" असं म्हटलं की बारकी रडता रडता हसायची. तिची समजूत काढायचं खातं कायमचं वहिनीकडे होतं. नणंद-भावजयीचं एवढं गूळपीठ पाहून शेजारणी नाकं मुरडायच्या.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडून दिल्यावर, मास्टरीणबाईंना दिवस गेले. बारकी तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागात होती. गरोदर बाईच्या रक्तातल्या साखरेचा पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो, यावर तिथे मोठा अभ्यास चालला होता. बातमी कळली त्याच आठवड्यात ती घरी आली, वहिनीच्या गळ्यात पडली, आणि चहा होईपर्यंतसुद्धा तिला दम निघाला नाही.

"वहिनी, तू आमच्या अभ्यासात येशील?"

"मी काय करायचं त्यात?"

"काही नाही. एकदा साखरेचं पाणी प्यायचं, दोनतीनदा रक्त द्यायचं. बाळ झालं की आम्ही त्याला मोजणार, तोलणार."

मग तिने समजावून सांगितलं. चमचे, वाट्या मांडून समजावून सांगायची तिची जुनी सवय होती. "आईची साखर नाळेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. म्हणून आईची साखर वाढली की बाळ स्वतःचं इन्सुलिन भसाभसा तयार करतं आणि अंगाने भरत सुटतं. पोट, खांदे. ज्यांची साखर फारच वाढते त्यांना आम्ही उपचार देतो, त्यात काही शंका नाही. ज्यांची बरोबर असते त्यांचाही प्रश्न नाही. घोडं अडतं ते मधल्या पट्टीत. नेहमीपेक्षा जास्त, पण आजार म्हणावा इतकी नाही. त्या बाळांचं काय होतं हे अजून कुणालाच धड ठाऊक नाही."

"आणि माझी मधली निघाली तर?"

"तर कुणालाच कळणार नाही. तुला नाही, तुझ्या डॉक्टरांना नाही, मलाही नाही. आकडे बंद असतात. हद्दीबाहेर गेली तरच कुलूप उघडतं आणि लगेच कळवतात. मधल्यांना उपचार द्यायला लागलो तर अभ्यास कशाचा करणार?"

मास्टरीणबाईंना हे नीट कळलं. त्यांनी सही केली, ती डोळे उघडे ठेवून केली. पण मनात त्यांनी कारखान्यातला हिशेब लावला. बारकी आहे तिथे. बारकी काही बोलली नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

तपासणीच्या दिवशी ते गोडमिट्ट पाणी पिऊन त्यांना दरदरून घाम फुटला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बारकीने त्यांना आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, आणि दिवसभर ती त्यांच्या आजूबाजूला घुटमळत राहिली. पुढच्या काही दिवसांत तिचा निरोप आला नाही. मास्टरीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतरचे ते महिने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे.

कारण नवरा बदलला. कामावरून आला की जो सोफ्यावर अंग टाकायचा, तो दारातूनच म्हणायला लागला, "चल, पाय मोकळे करून येऊ." पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, लहर आली असेल. पण तो रोज न्यायला लागला. टायरच्या दुकानावरून, बँकेच्या बंद शटरवरून, कालव्याच्या पुलापर्यंत आणि परत. पाऊस असला तर छत्री घेऊन. चालताना हा मुखदुर्बळ माणूस बोलायला लागला. लहानपणी आंधळ्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवताना तो मनाच्या बातम्या कशा घुसडायचा, एकदा लिफ्टच्या बोगद्यात अडकला तेव्हा भीतीने गाणी कशी म्हणत बसला होता, हे सगळं त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. घराशी परतल्यावर हा लिफ्टवाला त्यांना जिना चढायला लावायचा.

"एवढं प्रेम कुठून उतू चाललंय?" त्यांनी एकदा विचारलं.

"बाळाचा पायगुण," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. तो लाजला असं त्यांना वाटलं.

कारखान्यात त्या बायकांना सांगायच्या, "पोटुशी राहिल्यावर मला नवरा सापडला."

बारकी मात्र त्याच काळात खाष्ट झाली होती. आली की वहिनीच्या बशीतला केकचा तुकडा उचलायची, बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवायची, चहात साखर घालू द्यायची नाही. "डॉक्टरीण झालीस म्हणून आता सासू होऊ नकोस," म्हणून मास्टरीणबाई तिला चिडवत. बारकी हसायची नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवून, बाळ छान भरलंय, असं सांगितलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. बारकीही तिथेच होती. ती म्हणाली, "हो ना," आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

बाळंतपण अवघड गेलं. डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले. आतापर्यंत हळू आवाजात बोलणारी खोली एकदम धावपळीने भरली. एक नर्स स्टुलावर चढून ओटीपोट दाबायला लागली, दुसरीने त्यांचे गुडघे छातीकडे रेटले, आणि कुणीतरी "आता, आता, आता" एवढंच म्हणत राहिलं. मुलगी झाली. चांगली गुबगुबीत, गोल गालांची. रडलीही. पण रडताना तिचा डावाच हात हलत होता. उजवा तसाच अंगालगत लोंबत राहिला, बाही रिकामी असावी तसा. काही वेळाने तिचे पाय थरथरायला लागले आणि तिला शेजारच्या खोलीत नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळांचे डॉक्टर आले. दमलेले, मवाळ गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला. हाताच्या नसा खांद्यापाशी ताणल्या गेल्यात, बहुतेक बाळांचा हात काही महिन्यांत सुधारतो, व्यायाम शिकवू, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग म्हणाले, "साखर मात्र फारच उतरली होती तिची. आईकडून येणारी साखर एकदम तुटते आणि बाळाचं इन्सुलिन चालूच राहतं, त्यामुळे होतं असं. आता ठीक आहे. तुमच्या नणंदबाईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर आम्हाला तपासायला उशीर झाला असता."

"काय सांगून ठेवलं होतं?"

"जन्मल्याबरोबर साखर बघा म्हणून. आईची थोडी वरच्या बाजूला आहे, म्हणाल्या. मागच्याच आठवड्यात फोन आला होता त्यांचा. नशीबवान आहात, घरात डॉक्टर आहे."

मास्टरीणबाईंनी त्यांचे आभार मानले. ते गेल्यावर त्या पडद्याकडे बघत पडून राहिल्या. बारकीला माहीत होतं. कुलूप होतं, आकडे बंद होते, कुणालाच कळणार नव्हतं, आणि बारकीला माहीत होतं.

नवरा सफरचंद घेऊन आला. बेडशेजारी बसून सालं काढायला लागला.

"बारकीला माझी साखर माहीत होती," त्या म्हणाल्या.

सुरी थांबली. या माणसाला एवढ्या वर्षांत धड खोटं बोलता आलं नव्हतं. तो गप्प बसू शकायचा, पण तोंडावर थाप मारणं त्याला जमणारं नव्हतं.

"ती सांगणार होती तुला," तो म्हणाला.

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

त्याने सुरी रुमालाला पुसली.

"कधीपासून?"

"तपासणी झाली त्या सुमारास. ती म्हणाली, फार काही नाही, काठावर आहे. वहिनीला सांगू नकोस, घाबरेल. जेवण सांभाळ, आणि रोज चालव तिला."

रोज चालव तिला. मास्टरीणबाईंनी ते शब्द मनात एकदा म्हणून पाहिले. मग एकेक संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. टायरचं दुकान, बंद शटर, पूल. आंधळे आजोबा, बोगद्यातली गाणी. ती औषधाची मात्रा होती. बहिणीने लिहून दिलेली आणि भावाने वेळच्या वेळी पाजलेली. कुणी दागिना चोरला असता तरी इतकं नागवल्यासारखं वाटलं नसतं.

"ते आजोबांचं तरी खरं होतं का?" त्यांनी विचारलं.

"सगळं खरं होतं," तो कळवळून म्हणाला. "सुरुवात तिने सांगितलं म्हणून केली. पण मग मला आवडायला लागलं. शप्पथ."

"आता ते मी कसं ओळखू?"

त्याने अर्धवट सोललेलं सफरचंद बशीत ठेवलं. ते तांबूस पडत गेलं.

संध्याकाळी बारकी आली. भावाचा चेहरा पाहूनच तिला उमजलं. ती खुर्चीवर बसली नाही, बेडच्या पायथ्याचा लोखंडी दांडा धरून उभी राहिली.

"त्या दिवशी तुला घाम फुटला ना, मला राहवेना," ती म्हणाली. "नमुन्यांना नंबर घालायचं काम माझ्याकडेच होतं. मी तुझा आकडा उघडून पाहिला. बघायला नको होता. मधल्या पट्टीत होता, वरच्या टोकाला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर मी पाहिलंय हे उघड झालं असतं. माझं काम गेलं असतं. एवढ्या बायकांचा अभ्यास, त्यावरच बोट ठेवलं असतं लोकांनी."

"बारके, मी तुला माईकवरून सांग म्हणत नव्हते. स्वयंपाकघरात सांगायचंस. कानात सांगायचंस."

"तू लगेच डॉक्टरांकडे गेली असतीस. आणि त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं, तर तू खरं सांगून मोकळी झाली असतीस. तुला लपवता येत नाही, वहिनी. दादा गप्प बसतो. म्हणून त्याला सांगितलं."

"म्हणजे मी खरं बोलते, हा माझा गुन्हा."

"तसं नाही गं. मला जेवढं करता येईल तेवढं मी केलं. गोड तोडलं, चालायला लावलं, बाळाच्या डॉक्टरांना फोन केला..."

"माझ्या जिवाची तुला काळजी होती, हे मला कळतंय. त्याचाच जास्त राग येतोय. परक्या बाईने केसाने गळा कापला असता तर मी तिला शिव्या घालून मोकळी झाले असते."

"सांगितलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं," बारकी हळूच म्हणाली. "खांदे कुणाचेही अडकतात. साखर बरोबर असलेल्यांच्या बाळांचेसुद्धा."

"कदाचित. पण मग ते कदाचित माझं असतं. मी विचारलं असतं, भांडले असते, दुसरा डॉक्टर बघितला असता. तुम्ही दोघांनी ठरवलंत आणि मी नुसती चालले."

बारकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मास्टरीणबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर त्यांनी बारकीला एकच निरोप पाठवला. हे तुझ्या वरिष्ठांना तू स्वतः सांग. बारकी हो म्हणाली. मग म्हणाली, जरा वेळ दे. मग म्हणाली, या फेरीच्या बाळांची मोजणी होऊ दे. मास्टरीणबाई थांबल्या. नवऱ्याशी त्या कामापुरतं बोलत होत्या. तो बाळाच्या हाताचे व्यायाम शिकून आला होता. कोपर धरून अलगद वर, अलगद बाहेर, पुन्हा खाली. ते तो चुकूनमाकूनही टाळत नसे. कामाच्या मधल्या सुटीतसुद्धा घरी यायचा. तो हे चांगलं करतो, हे त्यांना कबूल करावं लागत होतं, आणि ते त्यांना आवडत नव्हतं.

मोजणीचा दिवस आला. बाळाला तागडीत ठेवलं, डोकं मोजलं, दंडाची कातडी एका चिमट्यात धरून जाडी पाहिली. बारकी तागडीपाशी उभी होती. टेबलापलीकडे अभ्यासाच्या प्रमुख मॅडम बसल्या होत्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, भरभर बोलणाऱ्या. त्या प्रत्येक आईला तेच ते प्रश्न विचारत होत्या.

"तपासणीनंतर खाण्यापिण्यात, चालण्याफिरण्यात काही मुद्दाम बदल केला होतात?"

मास्टरीणबाईंनी बारकीकडे पाहिलं. बारकी बाळाच्या लंगोटाची गाठ बांधत होती. ती बांधून झाली होती, तरी बांधत होती.

"मी नाही केला," त्या म्हणाल्या. "माझ्यावर केला गेला. माझं गोड तोडलं आणि मला रोज चालवलं. कारण माझ्या नणंदेने माझा आकडा पाहिला होता."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी बारकीकडे पाहिलं, आणि बारकीने मान खाली घातली. त्या मान खाली घालण्यातच सगळं आलं.

"माझं नाव यातून काढा," मास्टरीणबाई म्हणाल्या. "माझा माल खोटा आहे. आणि एक विचारू? ज्या मधल्या पट्टीतल्या बायकांना घरात डॉक्टर नणंद नाही, त्यांना कुणीच चालवलं नाही. त्यांच्या बाळांचे खांदे अडकले असतील तर त्यांना कुणी सांगणार आहे?"

"अभ्यास संपला की सगळ्यांना कळवणार आहोत," मॅडम म्हणाल्या. आवाज उतरला होता, पण त्यांनी नजर चुकवली नाही. "त्यांनी हे समजून घेऊनच होकार दिला होता, बाई. आणि यातून जे कळेल ते पुढच्या बायकांच्या कामी येईल. हे मी मनापासून मानते."

"होकार मीही दिला होता. बाकीच्यांनी काय समजून दिला, मला माहीत नाही. मी दिला तो बारकी तिथे आहे म्हणून."

बारकीला अभ्यासातून काढलं. चौकशी झाली, तिने काहीही नाकारलं नाही. इतर नमुन्यांना तिने हात लावला नव्हता, हे सिद्ध व्हायलाही बरेच दिवस गेले. सासूबाईंचा फोन आला. "घरातली गोष्ट घरात ठेवायची होतीस गं."

"ठेवली होती ना घरातच," मास्टरीणबाई म्हणाल्या. "मलाच तेवढं घराबाहेर ठेवलं होतं."

नवरा आठवडाभर धुमसत होता. शेवटी म्हणाला, "तिचं करिअर बुडालं. आणि मी चुकलो, हे मी म्हटलंय तुला."

"तू चुकला नाहीस. चुकलेला माणूस सांगतो. तू लपवलंस."

बारकीला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात साधी वॉर्डातली नोकरी मिळाली. जाण्याआधी ती एका दुपारी आली. नवरा कामावर होता. मास्टरीणबाईंनी दार उघडलं आणि वाटेतून बाजूला झाल्या. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. बारकी शिलाई मशीनच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली आणि तिला रडू कोसळलं.

"रडू नकोस," मास्टरीणबाई म्हणाल्या. "तू रडलीस की तुझी समजूत काढायची मला सवय आहे. आणि आज मला ती काढायची नाही."

बारकीने तोंड पुसलं. बाळ सतरंजीवर उताणं पडलं होतं. "हात कसा आहे?"

"बघ की. डॉक्टर आहेस ना."

बारकी गुडघ्यांवर बसली. तिने बाळाच्या तळहातात बोट दिलं, मनगट वळवून पाहिलं, कोपर वाकवलं, दंडाखाली हात घालून खांदा हळूहळू वर नेला. मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती. कोपर आता वाकत होतं, बोटांची पकड चांगली होती. खांद्याच्या वर मात्र हात आपणहून जात नव्हता.

"येईल वर," बारकी म्हणाली.

"खरं सांगतेस?"

बारकीने बाळाचा हात पुन्हा एकदा, सावकाश, पहिल्यापासून तपासला.

"नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "बहुतेक येईल. पण थोडी कसर राहील कदाचित. केस विंचरताना, काही उंचावरचं काढताना. पुढच्या तीनचार महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर नसांच्या सर्जनला दाखवा. वाट बघत बसू नका."

आतापर्यंत प्रत्येकाने मास्टरीणबाईंना सगळं छान होईल असंच सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली. सर्जनचं नाव विचारलं, नीट लक्षात ठेवलं.

बारकी थोडा वेळ बसली. चहाचं कुणी काढलं नाही. मग ती उठली, चपला घातल्या, आणि दाराशी जरा थांबली. मास्टरीणबाई मुलीला घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर त्यांनी दाराला कडी घातली, मुलीला मांडीवर घेतलं, आणि दुपारचा व्यायाम सुरू केला. कोपर धरून अलगद वर, अलगद बाहेर, पुन्हा खाली.